वरून स्वच्छ, खालून काळं: पिकलिंगच्या टाकीत आम्लाची तीव्रता आणि खपली उतरण्याचा वेग

परिस्थिती

गॅल्व्हनायझिंगचा कारखाना, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पिकलिंगच्या, म्हणजे झिंक चढवण्याआधी पोलाद आम्लात बुडवून साफ करण्याच्या, टाकीत २०,००० लिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. टाकी नवी भरली तेव्हा हॉट रोल्ड अँगलवरची काळी खपली ३० ते ४० मिनिटांत उतरत होती. आता दोन तास बुडवून जिग (माल टांगायची चौकट) वर काढली तरी अँगलचा वरचा भाग राखाडी आणि स्वच्छ, तर खालच्या फूट-दीड फुटात काळे पट्टे तसेच. हा माल तसाच पुढे गेला तर पट्ट्यांच्या जागी झिंक धरत नाही, उघडे डाग राहतात आणि सगळा लॉट पुन्हा करावा लागतो. इकडे वितळलेल्या झिंकची केटल (मोठी कढई) मालाची वाट पाहत ४५० अंशांवर तापत राहते.

सुपरवायझरने हातावर हात धरून वेळ घालवला नाही. त्याने टाकीतल्या द्रावणाची घनता मोजली. ती १.२८ आली, म्हणजे आम्ल चांगलं दाट आहे असं त्याने धरलं. प्रयोगशाळेने फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून दाखवणारा सूचक) घालून कॉस्टिकने टायट्रेशन केलं, म्हणजे आम्ल मारायला किती कॉस्टिक लागतं ते मोजलं, आणि आम्ल लिटरला २२० ग्रॅमच्या घरात असल्याचं कळवलं. तरीही माल साफ होईना, म्हणून दोनदा टँकरमधलं आम्ल नळीने टाकीत वरून सोडलं. वेळ तासाभरासाठी कमी झाल्यासारखा वाटला आणि मग पुन्हा तेच.

हे प्रकरण कुठल्याही एका कारखान्याचं नाही. अशा टाक्यांमध्ये नेहमी दिसणारी लक्षणं इथे एका टाकीत एकत्र आणली आहेत आणि आकडे सोपे ठेवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब ताडून पाहता येईल. प्रश्न एवढाच आहे: आम्ल भरपूर आहे असं दोन चाचण्या सांगत असताना काम इतकं मंदावलं कसं?

उतरवायचं काय असतं

पोलाद लाल तापलेलं असताना रोलमधून निघतं तेव्हा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर तीन थरांची खपली धरते. धातूला चिकटून फेरस ऑक्साइड, त्यावर मॅग्नेटाइट आणि सर्वांत बाहेर हेमॅटाइटचा पातळ पापुद्रा. फेरस ऑक्साइड आम्लात भराभर विरघळतो, मॅग्नेटाइट मात्र चिवट. त्यामुळे आम्ल खपली वरून खात खात खाली जातं हे चित्र खरं नाही. ते खपलीच्या भेगांतून आत शिरतं, धातूलगतचा फेरस ऑक्साइड विरघळवतं आणि वरचा थर आधार सुटून गळून पडतो. उघड्या पडलेल्या धातूतून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्याला खालून ढकलतात. टाकीच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या गाळात न विरघळता गळलेली अशी खपली बरीच असते.

जाड सेक्शन रोलिंगनंतर सावकाश थंड झालं तर ५७० अंशांच्या खाली फेरस ऑक्साइड स्थिर राहत नाही, त्याचं लोखंड आणि मॅग्नेटाइट होतं. म्हणून एकाच टाकीत, एकाच दिवशी, पातळ पट्टी लवकर साफ होते आणि जाड चॅनेल रेंगाळतं. वेगाची तुलना करायची असेल तर एकाच बारमधून कापलेले तुकडेच घ्यावेत. नाहीतर आम्लाचा दोष आणि मालाचा दोष वेगळे काढता येत नाहीत.

तीव्रता वाढली की वेग किती वाढतो

शाळेत संगमरवराच्या तुकड्यांवर सौम्य आणि तीव्र आम्ल टाकून बुडबुड्यांचा वेग पाहिलेला असतो. तीव्र आम्लात हायड्रोजन आयनांची गर्दी जास्त, ते पृष्ठभागावर जास्त वेळा आदळतात, म्हणून क्रिया जलद. पिकलिंगमध्ये हेच घडतं, पण प्रमाण शाळेत शिकवतात तितकं सरळ नसतं.

वजनाने ५, १० आणि १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर त्यांची मोलर तीव्रता साधारण १.४, २.९ आणि ४.४ येते, म्हणजे जवळजवळ एक-दोन-तीन या प्रमाणात. पण क्रियेत उतरते ती आम्लाची सक्रियता, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष जोर. ती या तीन द्रावणांत साधारण १.३, ४ आणि ११ भरते. तीव्रता तिप्पट झाली तेव्हा सक्रियता आठपटीच्या वर गेली. कारण दाट द्रावणात आयनांना वेढायला मोकळं पाणी कमी पडतं आणि प्रत्येक हायड्रोजन आयन जास्त आक्रमक होतो. म्हणूनच आम्ल ५ वरून १० टक्क्यांवर नेलं की पिकलिंगचा वेळ निम्म्याहूनही खाली येतो. आणि याच कारणाने उलट दिशेचा उतारही तीव्र असतो: टाकी १५ वरून ५ टक्क्यांवर आली तर काम फक्त तिपटीने मंदावेल असं धरून नियोजन करणारा फसतो.

आता लोखंडाकडे. विरघळलेलं फेरस क्लोराइड सुरुवातीला मदतच करतं. तेही पाणी बांधून ठेवतं, त्यामुळे तेवढ्याच मोकळ्या (लोखंडाला न बांधलेल्या) आम्लाची सक्रियता वाढते. लोखंडाचा अंशही नसलेली कोरी टाकी पहिल्या दिवशी अपेक्षेपेक्षा आळशी वाटते ती यामुळेच. जाणते लोक दुधाला विरजण लावावं तसं जुनं द्रावण थोडं नव्या टाकीत ठेवतात.

ही मदत एका मर्यादेपर्यंतच. लोखंड वाढत गेलं की फेरस क्लोराइड संपृक्ततेकडे सरकतं. खपलीच्या भेगेत जिथे प्रत्यक्ष विरघळणं चालू असतं, तिथे मिठाचं (फेरस क्लोराइडचं) प्रमाण टाकीच्या सरासरीपेक्षा नेहमीच जास्त असतं. तिथे द्रावण घट्ट होतं, ताजं आम्ल आत पोचत नाही, बाहेर यायचं लोखंड बाहेर येत नाही. संगमरवरावर सल्फ्युरिक आम्ल टाकलं की जिप्समचा थर धरून क्रिया थांबते, तिचाच हा सौम्य अवतार. वर आणखी आम्ल ओतलं तर क्लोराइड वाढतं आणि फेरस क्लोराइडची विद्राव्यता आणखी घटते. थंडीत अशा टाकीत मालावर आणि कडेला हिरवट स्फटिक दिसायला लागतात.

या दोन ओढींमुळे टाकीला एकच आदर्श तीव्रता नसते. लोखंड जसं वाढेल तसं मोकळं आम्ल खाली आणत जावं लागतं. गॅल्व्हनायझिंगवाले ज्याला क्लाइनगार्नचा आलेख म्हणतात तो हेच सांगतो, आणि आमच्या मते पिकलिंगच्या टाकीशेजारी भिंतीवर एकच कागद लावायचा असेल तर तो हा असावा.

घनतेने का फसवलं

टँकरमधून येणाऱ्या ३२ टक्के आम्लाची घनता १.१६ असते. पाणी घालून १५-१६ टक्क्यांवर आणलेल्या ताज्या टाकीची १.०७ ते १.०८. या टाकीने १.२८ दाखवली. म्हणजे हे द्रावण टँकरमधल्या आम्लापेक्षाही जड आहे. इथेच थांबून विचार करायला हवा होता: पाणी घातलेलं आम्ल मूळ आम्लापेक्षा जड होईलच कसं? ते वजन लोखंडाचं आहे. लिटरला १४५ ग्रॅम लोखंड म्हणजे जवळजवळ ३३० ग्रॅम फेरस क्लोराइड. आम्ल संपत जातं तशी टाकी जड होत जाते, त्यामुळे घनतेवरून आम्ल ठरवणाऱ्याला टाकी मरणपंथाला लागलेली असताना ती सर्वांत सशक्त वाटते.

घनतामापक फेकून द्यायचं कारण नाही. टाकी नवी भरताना आणि पुढे लोखंड किती साचलं याचा झटपट अंदाज घेताना तो कामाचा आहे. चालू टाकीतलं आम्ल त्याने मोजू नये, एवढंच.

फिनॉल्फ्थॅलिनने का फसवलं

ही चूक जास्त महागात पडते, कारण ती प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह येते. फिनॉल्फ्थॅलिन रंग बदलतं ते पीएच ८ च्या पुढे. तिथपर्यंत कॉस्टिक घालत गेलं की मोकळं आम्ल संपल्यावर पुढचं कॉस्टिक फेरस क्लोराइडशी क्रिया करून हिरवट फेरस हायड्रॉक्साइड पाडत राहतं. म्हणजे लोखंडाला बांधलेलं क्लोराइडही आम्ल म्हणूनच मोजलं जातं.

हिशेब करून पाहा. एक ग्रॅम लोखंड विरघळायला १.३०६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागतं. लोखंड फेरस ऑक्साइडमधून आलेलं असो, धातूतून आलेलं असो, किंवा हेमॅटाइट विरघळून झालेलं फेरिक क्लोराइड पुढे धातूवर क्रिया करून फेरस झालेलं असो, शेवटचा हिशेब एकच: प्रत्येक लोखंडामागे दोन क्लोराइड. या टाकीत लोखंड १४५ असेल तर त्याला बांधलेलं आम्ल १८९ भरतं. त्यात खरं मोकळं आम्ल ३२ मिळवलं की २२१. प्रयोगशाळेने कळवलेला आकडा हाच. म्हणजे त्यांची चाचणी टाकीतलं एकूण क्लोराइड मोजत होती, आणि ते पिकलिंगमुळे घटतच नाही. ते कमी होतं ते मालाबरोबर बाहेर गेलेल्या द्रावणामुळे आणि वाफेमुळे. असा आकडा आठवडाभर रोज घेतला तरी जवळजवळ तोच येत राहील आणि सगळ्यांना हायसं वाटत राहील.

योग्य पद्धत अशी. टाकी ढवळून मध्यभागातून नमुना घ्या. ५ मिलिलिटर पिपेटने घेऊन ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात टाका, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब घाला आणि १ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. लाल रंग जाऊन नारिंगी झाला की थांबा, पिवळा होईपर्यंत जाऊ नका. लागलेल्या मिलिलिटरला ७.२९ ने गुणलं की लिटरला ग्रॅममध्ये मोकळं आम्ल मिळतं. इथे ४.४ मिलिलिटर लागलं, म्हणजे ३२ ग्रॅम. द्रावण हवेत ढवळलं जाऊन फेरिक लोखंड वाढलेलं असेल तर ते पीएच २-३ पासूनच तपकिरी साका पाडतं आणि आकडा थोडा फुगतो. म्हणून नमुना उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी तपासू नये.

लोखंडासाठी १० मिलिलिटर नमुना १०० पर्यंत पातळ करून त्यातला १० घ्या. त्यात सौम्य सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्ल घाला, डायफिनिलअमाइन सल्फोनेट सूचक टाका आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटने टायट्रेट करा. हिरवा रंग जाऊन जांभळा पक्का झाला की संपलं. एका मिलिलिटरला ५.५८५ मिलिग्रॅम फेरस लोखंड. इथे जवळजवळ २६ मिलिलिटर लागलं, म्हणजे लिटरला १४५ ग्रॅम. साधं परमँगनेट वापरू नका. ते लोखंडाच्या सोबतीने क्लोराइडवरही खर्च होतं आणि आकडा वाढवून देतं. वापरायचंच असेल तर क्लोराइडवरची ही क्रिया रोखणारं झिमरमन-राइनहार्ट मिश्रण घालून वापरा.

वर सोडलेलं आम्ल वरच राहिलं

खालच्या काळ्या पट्ट्यांचं कोडं इथे सुटतं. टाकीतलं द्रावण १.२८, ओतलेलं आम्ल १.१६. हलकं ते वर तरंगलं. शिवाय मालावरून सुटणारं लोखंडाने जड झालेलं द्रावण आपोआप तळाकडे ओघळतं. एकाच टाकीत वर आम्लाचा थर, खाली मिठाचा. उभ्या टांगलेल्या अँगलने हे स्वतःच लिहून दाखवलं: स्वच्छ आणि काळ्या भागांमधली रेघ प्रत्येक अँगलवर जवळपास एकाच उंचीवर होती. मालाचा दोष असता तर डाग विखुरलेले असते, ग्रीसचा दोष असता तर बोटांच्या आणि पट्ट्यांच्या ठशांसारखे दिसले असते. सरळ आडवी रेघ दिसली की आधी टाकी ढवळावी, मग बाकीचं बोलावं.

ढवळायचं म्हणजे हवा सोडायची नाही. हवेने फेरसचं फेरिक होतं, आणि फेरिक क्लोराइड खपलीपेक्षा उघड्या धातूवर तुटून पडतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पंपाने तळातून ओढून वर फिरवणं चांगलं. पंप नसेल तर दर दहा मिनिटांनी क्रेनने जिग दोन-तीनदा वर-खाली करावी. याने भेगांतलं जुनं द्रावणही बदलतं, त्यामुळे फायदा दुहेरी.

थंडीचा वाटा

सकाळी टाकीचं तापमान १६ अंश होतं. मे महिन्यात हीच टाकी ३० च्या वर असते. दहा अंशांनी तापमान घटलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. त्यामुळे दोन तासांचं सगळं खापर आम्लावर फोडणं बरोबर नाही. कुणाचा वाटा किती, हे बीकरमध्ये तासाभरात कळतं.

एकाच अँगलमधून ५० मिलिमीटरचे चार तुकडे कापा, ग्रीस काढा, वजन करा. पहिल्या बीकरमध्ये ढवळलेल्या टाकीचं द्रावण जसंच्या तसं. दुसऱ्यात तेच, पण आम्ल घालून १०० ग्रॅमवर आणलेलं. तिसऱ्यात तेच द्रावण, बीकर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ३२ अंशांना. चौथ्यात ताजं १६० ग्रॅमचं आम्ल, टाकीच्याच तापमानाला. खपली पूर्ण जाईपर्यंतची वेळ लिहा, धुऊन वाळवून पुन्हा वजन करा. चौथा आणि पहिला यांतला फरक टाकी किती मेली आहे ते सांगतो. तिसरा आणि पहिला यांतला फरक थंडीचा. दुसरा तुकडा चौथ्याच्या जवळ आला तर नुसतं आम्ल कमी पडलं होतं असं समजावं. तो मधेच रेंगाळला तर लोखंड आडवं आलं आहे आणि आम्ल ओतून पैसे वाया जातील. या टाकीत दुसरा तुकडा मधेच रेंगाळला.

तापवण्याचा विचार करताना खर्च आधी मांडा. २०,००० लिटर १४ अंशांनी वर न्यायला पाण्याच्या हिशेबाने ३२५ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, हानी वेगळी. केटलच्या भट्टीच्या धुरातली वाया जाणारी उष्णता घेतली तर हे परवडतं, नुसत्या विजेवर जड जातं. कॉइल टेफ्लॉनची किंवा ग्रॅफाइटची हवी. ३५ अंशांच्या पुढे जाऊ नये, वाफ आवरत नाही.

आम्ल ओतायचं की टाकी बदलायची

पहिला पर्याय: थोडं द्रावण काढून तेवढंच ३२ टक्के आम्ल घालणं. या आम्लात लिटरला ३७१ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असतं. किती लिटर बदलायचं, त्याचं सूत्र असं: टाकीचं आकारमान गुणिले हवी ती आणि आत्ताची तीव्रता यांतला फरक, भागिले ३७१ वजा आत्ताची तीव्रता. ३२ वरून १०० वर यायला २०,००० गुणिले ६८ भागिले ३३९, म्हणजे सुमारे ४,००० लिटर. लोखंड १४५ वरून ११६ वर येईल. तिथून लोखंड १५० होईपर्यंत टाकी चालवली तर ६८० किलो लोखंड विरघळेल. म्हणजे हजार लिटर आम्लामागे १७० किलो.

दुसरा पर्याय: टाकी नव्याने भरणं. १६० ग्रॅमची कोरी टाकी भरायला ८,६२५ लिटर आम्ल लागतं. ती मध्ये आम्ल न घालता ४० ग्रॅमपर्यंत वापरली तर लिटरला ९२, एकूण १,८४० किलो लोखंड निघतं. म्हणजे हजार लिटरमागे २१३ किलो. पहिल्या पर्यायात आम्ल जास्त लागतं, आणि माल सारा वेळ लोखंडाने भरलेल्या द्रावणात भिजतो. इथे एक गोष्ट हिशेबात धरायलाच हवी: मालाला चिकटून जाणारं लोखंड धुण्याच्या पाण्यातून फ्लक्समध्ये (झिंकआधी माल बुडवायच्या द्रावणात) आणि तिथून झिंकमध्ये पोचतं. केटलमध्ये गेलेलं १ किलो लोखंड साधारण २५ किलो झिंक ड्रॉसमध्ये (केटलमध्ये साचणाऱ्या झिंक-लोखंडाच्या गाळात) अडकवतं. आम्ल वाचवण्याच्या नादात झिंक घालवणं हा सगळ्यांत वाईट सौदा.

म्हणून निर्णय नव्याने भरण्याचा झाला, विरजणासह. जुनं द्रावण निवळू देऊन वरचं ४,००० लिटर शेजारच्या टाकीत काढलं, बाकी १६,००० लिटर उपसलं, तळाचा गाळ साफ केला. मग आधी ८,८०० लिटर पाणी, त्यात ४,००० लिटर जुनं द्रावण, आणि शेवटी ७,२०० लिटर ३२ टक्के आम्ल, नळीचं तोंड तळाशी ठेवून सावकाश. पाणी आधी, आम्ल नंतर, हा क्रम कधीच बदलायचा नाही. पाण्यासाठी पिकलिंगनंतरच्या धुण्याच्या टाकीतलंच पाणी घेतलं, कारण त्यात आम्ल आणि लोखंड दोन्ही असतं आणि तेवढा सांडपाण्याचा बोजा वाचतो. धुण्याच्या पाण्यातलं किंचित आम्ल-लोखंड सोडलं तर तयार टाकीत मोकळं आम्ल लिटरला १४० ग्रॅम, लोखंड २९.

पुढची भर किती घालायची, हे लोखंडाकडे पाहून ठरवलं. लोखंड ३० असताना आम्ल १४०, ६० ला १२०, ९० ला ९५, १२० ला ७०. १४० ला भर बंद, आहे ते आम्ल वापरून टाकी संपवायची. हे आकडे या टाकीचे, सुरुवात करण्यापुरते. आपल्या मालावर बीकर चाचणी घेऊन ते दहा-पंधरा ग्रॅमने पुढे-मागे करावेत. समजा लोखंड ६० झालं आणि आम्ल १०१ वर आलं, तर १२० करायला २०,००० गुणिले १९ भागिले २७०, सुमारे १,४०० लिटर. ही भर तळाशी घालून पंप अर्धा तास फिरवायचा.

आणखी तीव्र केलं असतं तर

"मग एकदम २५ टक्क्यांवरच भरूया" ही सूचना प्रत्येक ठिकाणी येते. वेग वाढेल, यात शंका नाही. पण १५-१६ टक्क्यांच्या पुढे खपलीचा वेळ जितका कमी होतो त्याहून धातूवरचा मारा आणि वाफ जास्त वाढते. २० टक्क्यांपासून वर गेलं की आम्लाची वाफ कित्येक पटींनी वाढत जाते. ती कामगारांच्या घशात जाते, क्रेनच्या तारेवर आणि छताच्या पत्र्यावर बसते. क्रेनची तार गंजणं ही सुरक्षेची बाब आहे, देखभालीच्या खर्चाची नव्हे.

साफ झालेला तुकडा तीव्र आम्लात पडून राहिला की धातू विरघळतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या स्ट्रक्चरल पोलादाला त्याने फारसं बिघडत नाही, पण ताणबल १,००० मेगापास्कलच्या वर असलेल्या मालाला, उदाहरणार्थ १०.९ ग्रेडच्या बोल्टला, ठिसूळ होऊन तुटण्याचा धोका असतो. असा माल शॉट ब्लास्टिंगने (पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने) साफ करून आम्लात कमीत कमी वेळ ठेवावा. बाकी मालासाठी इनहिबिटर घालावं. ते धातूवर बसून त्याचं विरघळणं रोखतं, ऑक्साइडला हात लावत नाही. धातू वाचला की आम्ल वाचतं आणि लोखंडही हळू साचतं, म्हणजे टाकीचं आयुष्य दोन्ही बाजूंनी वाढतं.

याच टाकीत परत आलेल्या मालावरचं झिंक काढायचा मोह टाळावा. झिंक आम्ल झपाट्याने खातं, आणि झिंक-लोखंड मिसळलेलं वापरलेलं आम्ल पुनर्वापर करणारा सहसा घेत नाही. त्यासाठी वेगळी छोटी टाकी ठेवावी. लोखंड १४० च्या वर गेलेलं, आम्ल थोडं उरलेलं द्रावण तिथे शेवटचं वापरून घ्यायचं असेल तर त्याची विल्हेवाटही वेगळीच ठेवावी.

उपसलेलं १६,००० लिटर द्रावण हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात नोंदलेल्या मार्गानेच, मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह), अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवं. लोखंड भरपूर आणि झिंक नगण्य असलेल्या अशा द्रावणापासून पाणी शुद्धीकरणात लागणारं फेरिक क्लोराइड करता येतं. म्हणून पाठवण्याआधी आम्ल, लोखंड आणि झिंक, तिन्हींचा तपासणी अहवाल सोबत जोडावा.

टाकीशेजारच्या नोंदवहीत आता पाच रकाने आहेत: तापमान, मोकळं आम्ल, लोखंड, घनता आणि ठरावीक जाडीच्या अँगलला लागलेली मिनिटं. आम्ल आणि तापमान प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, लोखंड एक दिवसाआड. मिनिटं वाढली आणि बाकीचे आकडे जागेवर असले तर आधी वर, मध्ये आणि तळाशी असे तीन नमुने घ्यायचे, आणि ते हातात येईपर्यंत आम्लाचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही.